हायनिक्स : सरकारी की खाजगी?

एखादी कंपनी सरकारी आहे की खाजगी, हे कशावरून ठरवायचं? लहानपणी हे फार सोपं वाटायचं. दारावर "भारत सरकारचा उपक्रम" अशी पाटी असली की सरकारी, नसली की खाजगी. पण एका कंपनीच्या बाबतीत हा प्रश्न इतका अवघड होऊन बसला की अमेरिका, युरोप, जपान आणि कोरिया यांची सरकारं त्यावर २००२ ते २००९ अशी सात वर्षं भांडत राहिली. जिनिव्हाला जागतिक व्यापार संघटनेच्या पंचांना एकाच कंपनीपायी तीन खटल्यांत शेकडो पानं लिहावी लागली. कंपनीचं नाव हायनिक्स.

गेले काही महिने मी फावल्या वेळात ते निकाल वाचतोय. (लोक सुट्टीत रहस्यकथा वाचतात, आम्ही हे वाचतो. ज्याची त्याची हौस! :-) ) पण खरंच सांगतो, यात रहस्यकथेचा सगळा मसाला आहे. म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहून काढावं.

हायनिक्स हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलेलं असणार. २००२-०३ च्या सुमारास ज्यांनी लॅमिंग्टन रोडवर जाऊन कॉम्प्युटर असेंबल करून घेतला, त्यांना आठवत असेल. रॅमच्या हिरव्या पट्टीवर काळ्या चौकोनी चिप्स, आणि त्यावर बारीक अक्षरात हे नाव. दुकानदाराला भाव विचारला तर तो आधी "आजचा भाव" काढायला फोन करायचा. रॅमला कसला आलाय रोजचा भाव, असं तेव्हा वाटायचं. आता कळतं की सगळी गोष्ट त्या "आजचा भाव" या दोन शब्दांतच आहे.

नात्यातल्या ज्या मंडळींना चिप म्हटलं की बटाट्याचे वेफर्स आठवतात, त्यांच्यासाठी थोडं सोपं करून सांगतो. (बटाटा या गोष्टीत पुढे खरोखरच येणार आहे, धीर धरा.) कॉम्प्युटर काम करत असताना हाताशी लागणारी माहिती ज्या चिपमध्ये ठेवतो, तिला डीरॅम म्हणतात. तिच्यातला एकेक कण म्हणजे विजेचा एक छोटासा साठा. हा साठा गळका असतो, त्यामुळे साधारण दर ६४ मिलीसेकंदांनी सगळं पुन्हा भरून घ्यावं लागतं. नाही भरलं, की विसरली!

आता यातली व्यापाराची गंमत अशी की डीरॅम सगळ्यांची सारखीच. ठरलेल्या मापाची, ठरलेल्या वेगाची. सॅमसंगची काढून हायनिक्सची बसवली तरी कॉम्प्युटरला काही फरक पडत नाही. म्हणजे दिसायला हे अत्याधुनिक तंत्रज्ञान, पण बाजारात त्याची गत लासलगावच्या कांद्यासारखी. पीक कमी आलं की भाव आभाळाला, जास्त आलं की मातीमोल. त्यात कांदा निदान पुढच्या हंगामात न लावता येतो. चिपच्या कारखान्यावर अब्जावधी डॉलर आधीच खर्च झालेले असतात. तो बंद ठेवला तरी व्याज चालूच, मग तोटा सोसूनही माल काढत राहणं परवडतं. सगळेच असं करतात आणि भाव आणखी कोसळतो. मग शेवटी कोण आधी दम सोडतो, एवढीच स्पर्धा उरते.

तर १९८३ साली ह्युंदाई उद्योगसमूहाने या धंद्यात उडी घेतली. जहाजं आणि मोटारी बनवणाऱ्या लोकांनी सोलजवळच्या इचॉन गावी चिपचा कारखाना टाकला. कर्ज काढून टाकला, कारण त्या काळी कोरियात सगळं कर्ज काढूनच चालायचं आणि ते कुणाला द्यायचं यावर सरकारचा बारीक डोळा असायचा. १९९७ च्या शेवटी कोरिया आर्थिक संकटात सापडला, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले. नवे राष्ट्राध्यक्ष किम दे-जुंग यांनी बड्या उद्योगसमूहांना सांगितलं, प्रत्येकाने प्रत्येक धंदा करायचा हे आता पुरे, आपापसांत वाटून घ्या. या अदलाबदलीला कोरियात "बिग डील" म्हणतात. त्यात एलजी समूहाने आपली चिप कंपनी ह्युंदाईला द्यायची असं ठरलं. एलजीची अजिबात इच्छा नव्हती. तरीही १९९९ मध्ये २.५६ लाख कोटी वॉनला हा व्यवहार झाला. थोडक्यात, घरातल्या मोठ्यांनी जमवलेलं लग्न! नवरी आपल्या कर्जासकट आली, आणि ती आणण्यासाठी नवऱ्याने आणखी कर्ज काढलं.

पुढे हायनिक्स बुडायला आली तेव्हा सगळे म्हणाले की सरकारने तिला का वाचवलं. पण डोक्यावर एवढं ओझं आलं ते काही अंशी सरकारनेच लावलेल्या या लग्नामुळे, हे कुणी फारसं म्हणत नाही.

२००० च्या मध्यावर १२८ मेगाबिटची एक चिप १५ डॉलरच्या वर विकली जात होती. २००१ च्या अखेरीस तीच चिप एका डॉलरच्या आसपास आली. म्हणजे शंभराची वस्तू सात रुपयांना! ह्युंदाई समूहाने हात झटकले. मार्च २००१ मध्ये कंपनीचं नाव बदलून हायनिक्स झालं, ऑगस्टमध्ये ती समूहातून वेगळी झाली, आणि त्या एका वर्षात तिला सुमारे ५ लाख कोटी वॉनचा तोटा झाला.

मग बँका पुढे आल्या. जानेवारी २००१ मध्ये सरकारी कोरिया डेव्हलपमेंट बँकेने एक योजना आणली. कंपनीचे मुदत भरलेले रोखे असतील, त्यातले ८० टक्के बँक घेईल, कंपनीने फक्त २० टक्के फेडायचे. योजना काही मोजक्याच कंपन्यांसाठी होती आणि त्यातला मोठा वाटा हायनिक्सला गेला. ऑक्टोबर २००१ मध्ये धनको बँकांनी सुमारे ३ लाख कोटी वॉनच्या कर्जाचे शेअर्स करून घेतले, वर नवीन कर्ज दिलं. डिसेंबर २००२ मध्ये पुन्हा १.९ लाख कोटींच्या कर्जाचे शेअर्स झाले. आता कंपनीची बहुतांश मालकी बँकांकडे होती.

आणि बँका कुणाच्या? इथेच खरी मेख आहे. १९९७ च्या संकटात बँकाही बुडायला आल्या होत्या, त्यांना वाचवताना सरकारच त्यांचं मालक झालं होतं. डेव्हलपमेंट बँक तर पूर्ण सरकारी. वूरी सरकारी ताब्यात, चोहुंगमध्ये सरकारचा वाटा सुमारे ८० टक्के, कोरिया एक्स्चेंज बँकेत सरकारचा मोठा वाटा. पण काही बँका खाजगी होत्या, आणि एक चक्क अमेरिकन सिटीबँक होती. तिनेही हायनिक्सला कर्ज दिलं होतं. मग हे सगळे सरकारच्या हुकमाने वागले, की "आता हात काढून घेतला तर आधीचं कर्जही बुडेल" या व्यापारी हिशोबाने? ज्यांनी कधी बुडत्या नातेवाईकाला दुसऱ्यांदा पैसे दिलेत, त्यांना हा प्रश्न समजावून सांगायला नको. :-)

आता बटाटा. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात बॉयसी नावाचं गाव आहे. तिथे १९७८ मध्ये मायक्रॉन ही कंपनी सुरू झाली. तिला सुरुवातीला भांडवल पुरवणाऱ्यांत होते जे. आर. सिम्प्लॉट, आयडाहोचे बटाटासम्राट, मॅकडोनाल्ड्सला फ्रोझन फ्रेंच फ्राईज पुरवणारे. शेतमालाचे भाव कसे पडतात आणि पडत्या भावात कसं तगून राहायचं, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. मायक्रॉन तगली ती दोन गोष्टींवर. एक, काटकसरीने चालवलेले कारखाने. दुसरी, तक्रार अर्ज. १९८५ मध्ये तिने जपानी कंपन्यांविरुद्ध डंपिंगची तक्रार केली, १९९२ मध्ये कोरियन कंपन्यांविरुद्ध केली, आणि १ नोव्हेंबर २००२ ला हायनिक्सविरुद्ध, या खेपेला डंपिंगची नव्हे तर सरकारी अनुदानाची.

पण या तक्रारीच्या सहा महिने आधी काय झालं होतं ते बघा. एप्रिल २००२ मध्ये हीच मायक्रॉन हायनिक्सचा मेमरीचा धंदा विकत घ्यायला निघाली होती. बदल्यात आपले १०.८६ कोटी शेअर्स द्यायचे, तेव्हाच्या भावाने किंमत ३ अब्ज डॉलरच्या वर. कोरियाच्या सरकारला ही विक्री हवी होती. धनको बँकांनी होकार दिला. कामगार संघटना मात्र विरोधात होती, आणि ३० एप्रिलला हायनिक्सच्या संचालक मंडळाने प्रस्ताव चक्क फेटाळला!

मी इथे वाचता वाचता थांबलो. जी कंपनी सरकारच्या मुठीत आहे असा साऱ्या जगाचा आरोप, ती सरकारला हवा असलेला सौदा मोडते? याचा अर्थ सरकारचा हात नव्हता असा नाही. त्यानंतर बँकांनी आपला मालकी हक्क वापरून कंपनीचा कारभार ताब्यात घेतलाच. पण सरकारी पैसा म्हणजे सरकारी हुकूम, हे समीकरण एवढं सरळ नव्हतं.

मायक्रॉनची बाजूही नीट मांडायला हवी, नाहीतर अन्याय होईल. २००२ च्या आर्थिक वर्षात तिला ९० कोटी डॉलरच्या वर तोटा झाला, २००३ मध्ये सव्वाशे कोटींच्या वर. फेब्रुवारी २००३ मध्ये तिने दहा टक्के माणसं कमी केली. त्यांचं म्हणणं असं होतं, की बाजाराचा नियम जर "जो दम सोडेल तो बाहेर" असा असेल, तर समोरच्याला कुणी ऑक्सिजनचं नळकांडं लावायचं नाही. इचॉनमधली वाचलेली प्रत्येक नोकरी बॉयसीमधल्या माणसाला आपल्या घरातून गेल्यासारखी वाटली तर त्याला चूक कसं म्हणायचं?

२००३ मध्ये अमेरिकेने हायनिक्सच्या मालावर ४४.२९ टक्के जादा आयात शुल्क लावलं. युरोपने इन्फिनिऑनच्या तक्रारीवरून ३४.८ टक्के. जपानने जानेवारी २००६ मध्ये, एल्पिडा आणि मायक्रॉनच्या जपानी कंपनीच्या अर्जावरून, २७.२ टक्के. अनुदानामुळे जेवढा फायदा झाला तेवढा शुल्काने काढून घ्यायचा, असा हा हिशोब. फायदा तोच, कंपनी तीच, आणि तीन देशांची उत्तरं तीन! गंमत म्हणजे त्याच अमेरिकन चौकशीत सॅमसंगच्या वाट्याला आलेलं अनुदान ०.०४ टक्के निघालं, म्हणजे नसल्यातच जमा.

कोरिया जिनिव्हाला गेला. नियम असा, की खाजगी बँकेने दिलेली मदतही अनुदान ठरू शकते, पण सरकारने ते काम तिच्यावर "सोपवलं" किंवा तसा "आदेश" दिला हे सिद्ध झालं पाहिजे. नुसतं प्रोत्साहन पुरत नाही. आता असा आदेश कोण कागदावर लिहून ठेवतो? आपल्याकडेही "वरून फोन आला होता" एवढंच सांगतात. अमेरिकेने असे बरेच धागे गोळा केले होते. उदाहरणार्थ, अमेरिकन गुंतवणूकदारांच्या ताब्यातल्या कोरिया फर्स्ट बँकेने २००१ च्या त्या रोखे योजनेत सामील व्हायला नकार दिला, तेव्हा सरकारी वित्त नियामकाने तिच्यावर दबाव आणल्याच्या बातम्या कोरियन वर्तमानपत्रांत आल्या होत्या.

फेब्रुवारी २००५ मध्ये पहिल्या पंचांनी एकेक पुरावा तपासला आणि म्हटलं, हा पुरेसा नाही, तोही पुरेसा नाही, सबब अमेरिकेचं चुकलं. त्याच वर्षी २७ जूनला अपील मंडळाने हे फिरवलं. त्यांचं म्हणणं, अमेरिकेने सगळे पुरावे एकत्र ठेवून निष्कर्ष काढला होता, मग तुम्ही ते सुटे सुटे करून का तपासलेत? एकेक काथ्याचा धागा ओढून बघितला तर तुटणारच, म्हणून दोर कच्चा ठरतो का? (हा दाखला माझा, मंडळाची भाषा अर्थातच रुक्ष आहे.) मंडळाने अमेरिकाच बरोबर असं म्हटलं नाही, पहिल्या पंचांची पद्धत चुकली एवढंच म्हटलं. पण शुल्क टिकलं.

युरोपच्या खटल्यात काही मदत अनुदान ठरली, काही नाही. जपानच्या खटल्यात, नोव्हेंबर २००७ मध्ये, अपील मंडळाने आणखी एक मुद्दा पकडला. २००१ च्या मदतीचा फायदा २००५ पर्यंतच टिकला असा खुद्द जपानचाच हिशोब होता, मग २००६ मध्ये आलेल्या मालावर त्यापोटी शुल्क कसं काय? जपानने २००८ मध्ये शुल्क ९.१ टक्क्यांवर आणलं आणि २००९ मध्ये काढून टाकलं. अमेरिका आणि युरोपची शुल्कं त्याआधी २००८ मध्येच गेली होती.

एवढ्या काळात हायनिक्स काय करत होती? गुपचूप आडवाटा शोधत होती. अमेरिकेचं शुल्क कोरियात घडवलेल्या चिप्सवर होतं. हायनिक्सचा एक कारखाना ह्युंदाईच्या काळापासून अमेरिकेतच, ओरेगॉन राज्यात यूजीन गावी होता. तिथला माल अमेरिकेत विकायचा, म्हणजे शुल्काचा प्रश्नच नाही. दुसरा कारखाना २००६ मध्ये चीनमध्ये वूशीला उभा राहिला, युरोपच्या एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या भागीदारीत. पैशासाठी घरातली भांडीकुंडी विकावी तसे एकेक विभाग विकले. एलसीडीचा विभाग चीनच्या बीओई कंपनीला २००३ मध्ये गेला, आणि त्याच तंत्रज्ञानावर पाय रोवून बीओई पुढे जगातली एक बडी पडदे बनवणारी कंपनी झाली. शुल्क लावणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यात हे परिणाम असतील असं वाटत नाही. नवी यंत्रं घ्यायला पैसे नाहीत म्हणून इंजिनियर लोकांनी जुन्याच यंत्रांत फेरफार करून आणखी बारीक रेषांच्या चिप्स काढल्या. जुलै २००५ मध्ये कंपनी बँकांच्या देखरेखीतून ठरल्या मुदतीआधी बाहेर पडली. शुल्काची कारणं मिटत आली तशी यूजीनची गरजही संपली. २००८ मध्ये तो कारखाना बंद झाला, आणि तिथल्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या.

आणि आता या रहस्यकथेतला सगळ्यात झकास भाग. हे सगळे जण सरकारांसमोर एकमेकांची उणीदुणी काढत होते, त्याच सुमारास अमेरिकेच्या न्याय खात्याने दुसरंच काही शोधून काढलं. १९९९ ते २००२ या काळात डीरॅमच्या कंपन्यांनी आपसांत बोलून मोठ्या गिऱ्हाइकांसाठी भाव ठरवले होते! इन्फिनिऑनला १६ कोटी डॉलर, हायनिक्सला १८.५ कोटी, सॅमसंगला ३० कोटी, एल्पिडाला ८.४ कोटी दंड झाला. मायक्रॉनने तपासात सहकार्य केलं म्हणून ती दंडातून सुटली. युरोपनेही २०१० मध्ये ३३ कोटी युरोंचा दंड ठोठावला, तिथेही माफी मायक्रॉनलाच. म्हणजे दिवाणखान्यात भांडण आणि मागच्या दारी पंगत. लॅमिंग्टन रोडवरचा तो "आजचा भाव" कुठून कुठून येत होता बघा.

पुढचं भराभर सांगतो. इन्फिनिऑनची मेमरी कंपनी किमोंडा जानेवारी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिला वाचवायला सॅक्सनी राज्याचं सरकार कर्ज द्यायला तयार झालं होतं, पण ते जमलं नाही. एल्पिडाला त्याच वर्षी जपान सरकारच्या योजनेतून ३० अब्ज येन मिळाले, तरीही ती फेब्रुवारी २०१२ मध्ये बुडाली आणि २०१३ मध्ये मायक्रॉनने ती घेतली. हायनिक्सविरुद्ध सरकारी मदतीची तक्रार घेऊन गेलेल्या तिघांपैकी दोघं शेवटी आपापल्या सरकारच्या दारात उभे होते. आणि तिसरी? मायक्रॉनला २०२४ मध्ये अमेरिकन सरकारने सहा अब्ज डॉलरच्या वर अनुदान मंजूर केलं. आपल्याकडे गुजरातमध्ये साणंदला तिने जो प्रकल्प २०२३ मध्ये जाहीर केला, त्याच्या खर्चातला ५० टक्के वाटा केंद्र सरकारचा आणि २० टक्के राज्य सरकारचा.

आणि हायनिक्स? बँकांनी २०१२ मध्ये तिची सूत्रं एसके समूहाला दिली, २१ टक्के हिश्श्याचे सुमारे ३.४ लाख कोटी वॉन. ती एसके हायनिक्स झाली. २०१३ मध्ये तिने चिपवर चिप रचून बनवलेली एचबीएम नावाची मेमरी पहिल्यांदा काढली. तेव्हा तिचं कुणाला फार कौतुक नव्हतं. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना तीच लागते, आणि २०२५ च्या पहिल्या तिमाहीत डीरॅमच्या विक्रीत या कंपनीने सॅमसंगलाही मागे टाकलं. बाजाराच्या शुद्ध नियमाने चाललं असतं तर ती २००१ मध्येच संपायला हवी होती.

मग कोरियाच्या सरकारचं बरोबर होतं असं म्हणायचं का? मला तसं म्हणवत नाही. शेवट गोड झाला म्हणून प्रत्येक बुडती कंपनी वाचवावी असं ठरत नाही. एल्पिडाही वाचवलीच होती की! बरं, हायनिक्ससाठी पणाला लावलेला पैसा कोरियन करदात्यांचा होता, आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

पण हे निकाल वाचून माझ्यापुरती एक गोष्ट पक्की झाली. सात वर्षं सगळे "यात सरकारचा हात होता का" हे शोधत राहिले, कारण कायद्यात तेवढंच विचारता येत होतं. हात तर होताच, आज ना उद्या तो सगळ्यांचाच दिसला. न विचारलेला प्रश्न वेगळा होता. भाव कोसळला की तोटा कुणाच्या पदरात टाकायचा? इचॉनच्या, बॉयसीच्या की यूजीनच्या? तो वाटून घ्यायची काही रीत असावी का? शुल्काने तो प्रश्न सुटला नाही, तोटा फक्त इकडून तिकडे सरकवला गेला. आता तर शुल्क लावणारे आणि अनुदान देणारे एकच झालेत, तरी तो प्रश्न आहे तिथेच आहे.

असो. फारच लांबलं. बँकेत नोकरी केलेली काका-मावशी मंडळी हे वाचत असतील तर त्यांनी जरूर लिहावं, "वरून फोन आला" याचा पुरावा तुमच्या मते कशाला म्हणायचं? जिनिव्हाच्या पंचांपेक्षा तुम्हाला ते नक्कीच जास्त ठाऊक असणार. :-)